शॅरन जोन्स आणि द डॅप-किंग्ज : गायिकेमागचा बँड की बँडमधली गायिका?

मध्यलय

अमेरिकन सोल गायिका शॅरन जोन्सविषयी जेथे जेथे लिहिले जाते, तेथे एक कथा हमखास सांगितली जाते. तुरुंगात रखवालीची नोकरी केलेली एक बाई चाळिशीला पोहोचते, एका ध्वनिमुद्रणात तिचा आवाज कोणाच्या तरी कानावर पडतो आणि तिचे नशीब उघडते. या कथेतले तपशील खरे आहेत, तरीही ती मला नेहमी अपुरी वाटत आली आहे, कारण तिच्यात बँडला जागाच नसते. शॅरनचा आवाज १९९६ च्या आधीही तोच होता. त्या आवाजाला साजेसे संगीत सतत वाजवणारा, तिच्या वयाकडे आणि रूपाकडे न पाहणारा, एकत्र वाजवून हात बसलेला वादकांचा संच मात्र तिला तोवर मिळाला नव्हता. तिची कारकीर्द समजून घ्यायची तर त्या संचापासून, म्हणजे डॅप-किंग्ज या बँडपासून, सुरुवात करायला हवी, असे माझे मत आहे आणि त्यावर जाणकारांनी लिहावे यासाठी या मंचावर हा धागा काढत आहे.

शॅरनचा जन्म ४ मे १९५६ रोजी जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा येथे झाला. सहा भावंडांत ती सर्वांत धाकटी. सोल आणि फंकचा विख्यात गायक जेम्स ब्राउन लहानाचा मोठा झाला तेही हेच गाव, आणि शॅरन व तिची भावंडे लहानपणी घरात त्याच्या नकला करत असत. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला, ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीत राहायला आले. तिचे गाणे घडले ते चर्चमध्ये. सोल हा प्रकारच मुळात चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची आर्तता प्रेम, विरह, पैसा, अपमान अशा संसारी विषयांत उतरवून जन्माला आलेला असल्यामुळे, चर्चमध्ये वाढलेल्या गायिकेला त्यासाठी वेगळी तालीम घ्यावी लागत नाही. सत्तरच्या दशकात तिने इतरांच्या ध्वनिमुद्रणांत मागचे आवाज दिले. ऐंशीचे दशक उजाडले तेव्हा ड्रम मशीन आणि सिंथेसायझर यांनी जिवंत ताल-विभागाची आणि ट्रम्पेटसारख्या ब्रास वाद्यांची जागा घेतली होती. आठ-दहा वादकांचा संच पोसणे कोणत्याच कंपनीला परवडत नव्हते, आणि अशा संचापुढे उभे राहून गाणाऱ्या भरदार आवाजांना कामच उरले नव्हते. त्यातच एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिला तोंडावर सांगितले की ती फार काळी, फार जाड, फार बुटकी आहे आणि तिचे वयही उलटून गेले आहे. हे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आणि अखेरीस ‘आय ॲम स्टिल हिअर’ या आत्मकथनपर गाण्यात ओवलेही.

मग तिने न्यूयॉर्कमधल्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले आणि वेल्स फार्गो या कंपनीच्या रोकड वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवर पहारेकरी म्हणूनही काम केले. चर्चमधले गाणे आणि लग्नसमारंभांत गाणाऱ्या बँडमधले गाणे या काळातही चालूच होते. म्हणून तिच्या आयुष्यातल्या या वर्षांना ‘गाण्यापासून दूर गेलेली वर्षे’ म्हणू नये. लग्नाच्या बँडमध्ये गाणाऱ्या माणसाला समोरच्या पाहुण्यांचा कल ओळखावा लागतो, थकलेल्या मंडळींना उठवून नाचायला लावावे लागते, कोणतेही गाणे कोणत्याही पट्टीत उचलावे लागते. पुढे हजारोंच्या समोर तिने जे केले, त्याची तयारी याच कामात झाली होती.

१९९६ साली ली फील्ड्स या गायकाच्या ध्वनिमुद्रणासाठी डेस्को रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीला मागचे आवाज देणाऱ्या तीन गायिका हव्या होत्या. शॅरन एकटीच आली आणि तिने तिन्ही आवाज स्वतःच गाऊन दिले. डेस्को चालवणारे गॅब्रिएल रॉथ आणि फिलिप लेमन हे तिच्यापेक्षा कितीतरी लहान होते, आणि त्यांचा सोल प्रोव्हायडर्स हा बँड साठ-सत्तरच्या दशकांतला फंक हा ठेक्यावर भर देणारा संगीतप्रकार त्या काळच्याच पद्धतीने वाजवत होता. त्यांनी तिला स्वतंत्र गाणी दिली. दशकाच्या अखेरीस डेस्को बंद पडली. रॉथ आणि सॅक्सोफोनवादक नील शुगरमन यांनी २००१ मध्ये डॅपटोन रेकॉर्ड्स सुरू केली, जुन्या संचातले आणि आणखी काही वादक एकत्र येऊन डॅप-किंग्ज तयार झाले, आणि २००२ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा शॅरन सेहेचाळीस वर्षांची होती.

या बँडचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याची रचना आठवत असेल. आधी बँड एकटाच वाजवतो. गिटारवादक बिंकी ग्रिपटाइट निवेदकाच्या भूमिकेतून प्रेक्षकांना तयार करतो. मग मागे गाणाऱ्या सॉन्ड्रा विल्यम्स आणि स्टार डंकन पुढे येऊन गातात. एवढे सगळे झाल्यावर, ताल चांगला तापल्यावर, शॅरनचे नाव पुकारले जाते. ही जेम्स ब्राउनच्या रिव्ह्यूची, म्हणजे अनेक कलाकार एकामागून एक सादर होणाऱ्या कार्यक्रमाची, रीत आहे. या रीतीत बँडची स्वतंत्र ओळख प्रेक्षकांसमोर आधीच सिद्ध होते, आणि गायिका प्रवेश करते ती आधीच वाहत्या असलेल्या प्रवाहात. या दोन मागच्या गायिकाही बाहेरून भाड्याने आणलेल्या नव्हत्या. लग्नाच्या बँडमध्ये त्या शॅरनच्या सहकारी होत्या. स्वतःला दार उघडल्यावर तिने आपल्या जुन्या सोबतिणींनाही आत घेतले, ही गोष्ट मला तिच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की शॅरन जोन्स ही डॅप-किंग्जची गायिका होती, की डॅप-किंग्ज हा शॅरन जोन्सचा बँड होता? सर्व अल्बमांवर दोन्ही नावे बरोबरीने आहेत. मला ते केवळ सोयीचे वाटत नाही.

तबकडीवाला

विषय फार चांगला निवडला आहे. बँडच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण या मंडळींच्या ध्वनिमुद्रणाची पद्धत समजल्याशिवाय शॅरनच्या गाण्याचा पोत समजत नाही.

डॅपटोनचा स्टुडिओ ब्रुकलिनच्या बुशविक भागात ट्राउटमन स्ट्रीटवरच्या एका जुन्या राहत्या घरात होता. त्या घराची डागडुजी वादकांनी स्वतःच्या हातांनी केली आणि शॅरननेही त्या कामाला हात लावला होता. तेथे संगणकावर नव्हे, तर आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठच आवाज वेगवेगळे नोंदवू शकणाऱ्या, टेपयंत्रावर ध्वनिमुद्रण होत असे. आठच ट्रॅक आहेत याचा अर्थ असा की ड्रमसाठी आठ-दहा मायक्रोफोन वेगवेगळे नोंदवून ‘नंतर पाहू’ म्हणण्याची सोय नाही. ड्रम, बास, गिटार एका खोलीत एकाच वेळी वाजतात, एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, आणि कोणाची चूक झाली तर सगळ्यांना पुन्हा वाजवावे लागते. संतुलन वादकांनी आपल्या हातानेच साधायचे असते. रॉथ स्वतः बास वाजवत असे, ‘बॉस्को मॅन’ या नावाने गाणी लिहीत असे आणि ध्वनिमुद्रणही सांभाळत असे. त्यामुळे गाणे कागदावर येण्यापासून टेपवर उतरेपर्यंत सगळे एकाच घरात घडत होते.

याचा गायिकेवर काय परिणाम होतो? आजच्या पद्धतीत गायकाला कानात तयार संगीत ऐकवून एकेक ओळ वीस-वीस वेळा गाऊन घेतली जाते आणि त्यांतले तुकडे जोडले जातात. येथे ताल-विभाग एका श्वासात वाजलेला असल्यामुळे त्याच्यात माणसांसारखे पुढे-मागे होणे शिल्लक असते, आणि शॅरन त्या हालचालीवर स्वार होऊन गाते. होमर स्टाइनवाइसचा ड्रम लक्ष देऊन ऐका. तो कधीच घाई करत नाही. ड्रमसंचातल्या स्नेअर या ढोलाचा ठोका अगदी किंचित मागे रेलून पडतो. शॅरन मात्र शब्द पुढे ढकलते. त्या दोघांच्या मधल्या ताणातून गाण्यात जोर येतो. हाच आवाज काटेकोर यांत्रिक तालावर ठेवला तर तो नुसता मोठा वाटेल.

आणखी एक माहिती देतो. डेस्कोच्या सुरुवातीच्या काळात या मंडळींनी ‘द रिव्हेंज ऑफ मिस्टर मोपोजी’ नावाची एक तबकडी काढली आणि ती सत्तरच्या दशकातल्या एका कुंग फू चित्रपटाचे संगीत असल्याचे भासवले. असा चित्रपट कधी निघालाच नव्हता. जुन्या फंकचे संग्राहक त्या आवाजाला भुलले, यावरून या बँडची कारागिरी शॅरन येण्याच्या सुमारासच किती पक्की झाली होती हे कळते. ‘प्रस्थापित बँडच्या पुढे उभी राहिलेली गायिका’ असेच तिचे वर्णन करणे मला योग्य वाटते.

अनवट

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण माझी एक अडचण आहे आणि ती मी स्पष्ट मांडतो.

तबकडीवाला यांनी सांगितलेला तो खोट्या चित्रपटाचा किस्साच पाहा. या बँडची प्रेरणा मुळात जुन्या तबकड्यांच्या प्रेमातून आली होती. रॉथ आणि त्याचे बरेचसे सहकारी गोरे, तरुण, न्यूयॉर्कचे रसिक वादक. ज्या संगीतावर त्यांचे प्रेम होते ते काळ्या अमेरिकन माणसांनी त्यांच्या जन्माआधी घडवलेले. त्या प्रेमाला खरेपणाची मोहोर लावायला एक अस्सल आवाज हवा होता आणि तो शॅरनच्या रूपाने मिळाला, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? बहुतेक गाणी तिने लिहिलेली नाहीत. आवाजाची चौकट तिने ठरवलेली नाही. १९६७ किंवा १९७० साल ज्यांनी पाहिले नाही त्यांनी कल्पिलेल्या त्या काळात तिला उभे केले गेले. तिच्या पिढीतल्या गायिकांनी ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत जे नवे संगीत घडवले, त्याच्याशी तिचा संबंध जणू पुसूनच टाकला गेला.

शॅरनच्या गुणवत्तेविषयी मला तिळमात्र शंका नाही. प्रश्न अधिकाराचा आहे. बँडचे नाव जोडीने छापले जाणे ही एक गोष्ट आणि संगीताची दिशा ठरवण्यात वाटा असणे ही दुसरी.

मध्यलय

अनवट, तुमचा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून या विषयावर बोलता येणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती. बँड पूर्णपणे गोरा नव्हता. बिंकी ग्रिपटाइट हा या कार्यक्रमांचा चेहरा होता आणि तो काळा आहे. मागे गाणाऱ्या दोघीही काळ्या होत्या. तरी गीतलेखन आणि ध्वनिमुद्रणाचा ताबा मुख्यतः रॉथकडे होता, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे.

पण सोलच्या इतिहासात गीतलेखक, वादक आणि गायक हे बहुधा वेगवेगळेच राहिलेले आहेत. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या कंपनीच्या गायकांमागे फंक ब्रदर्स हा बँड वाजवत होता. मेम्फिसमध्ये स्टॅक्स कंपनीचा घरचा बँड बुकर टी. अँड द एमजीज हाच मुळात काळ्या आणि गोऱ्या वादकांचा होता आणि सोल गायक ओटिस रेडिंगच्या कितीतरी गाण्यांमागे तोच आहे. या परंपरेत गायकाचे कर्तृत्व गाण्याच्या मालकीवरून ठरत नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीत तो स्वतःचे काय घालतो यावरून ठरते. त्या कसोटीवर शॅरन कुठेच कमी पडत नाही. पहिल्या अल्बममध्ये पॉप गायिका जॅनेट जॅक्सनचे १९८६ सालचे ‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’ आहे. मूळ गाणे यंत्रांच्या तालावरचे, धारदार आणि थंड. डॅप-किंग्जनी त्याला असे वाजवले आहे की तेच मूळ असावे आणि जॅनेटने नंतर गायले असावे असा भास होतो. शॅरनच्या गळ्यात ‘अलीकडे तू माझ्यासाठी काय केलेस’ हा लाडिक टोमणा राहत नाही. घरभाडे, नोकरी आणि थकवा यांचा हिशेब मागणारी बाई समोर उभी राहते. तुम्ही म्हणता तो ऐंशीच्या दशकाशी असलेला संबंध येथे तरी पुसलेला नाही.

लोकगायक वुडी गथ्रीच्या ‘धिस लँड इज युअर लँड’चे त्यांनी केलेले रूपही पाहावे. ते २००५ च्या ‘नॅचरली’ अल्बममध्ये आहे. अमेरिकेच्या शाळांत मुले जे गाणे आनंदाने गातात, त्याला येथे गंभीर, जवळजवळ आव्हानाचा स्वर आला आहे. ही भूमी तुझी आणि माझी आहे, हे वाक्य एखाद्या काळ्या स्त्रीने, तेही तुरुंगाच्या आत आणि बाहेर माणसे कशी वाटली जातात हे पाहिलेल्या स्त्रीने गायले की त्याचा अर्थ बदलतो. तो बदल बँडने लिहून दिलेला नाही.

रंगमंचावर तर सत्ता पूर्णपणे तिची होती. गाणे कधी लांबवायचे, कधी थांबवायचे, कोणाला प्रेक्षकांतून वर बोलवायचे, हे तिच्या हाताच्या खुणेवर चाले. चपला काढून फेकून ती आपल्या आफ्रिकी आणि आदिवासी अमेरिकन पूर्वजांची आठवण करून देत नाचू लागे, तेव्हा आठ-दहा वादक तिच्या पावलांकडे डोळे लावून वाजवत असत.

रानवारा

या चर्चेला दोन जुन्या उदाहरणांची जोड देतो, कारण बँड आणि गायक यांचे नाते किती प्रकारे बिघडू शकते ते त्यांतून दिसते आणि शॅरनचे वेगळेपण उठून दिसते.

पहिले उदाहरण शिकागोच्या रूफस या बँडचे. हा बँड आधीपासून चालू होता आणि पॉलेट मॅकविल्यम्स त्याची गायिका होती. १९७२ मध्ये ती बाहेर पडली आणि तिच्याच शिफारशीवरून अवघ्या एकोणीस वर्षांची शाका खान आली. १९७४ मध्ये स्टीव्ही वंडरने लिहून दिलेल्या ‘टेल मी समथिंग गुड’ या गाण्याने बँडला ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार मिळवून दिला. त्यानंतर तबकड्यांवर ‘रूफस, सोबत शाका खान’ अशा अर्थाची नावे छापली जाऊ लागली, लोक तिलाच पाहायला येऊ लागले आणि बँडच्या आत धुसफूस सुरू झाली. १९७८ मध्ये तिचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. करारामुळे ती काही काळ दोन्हीकडे गात राहिली आणि १९८३ मध्ये ‘एन्ट नोबडी’ हे अजरामर गाणे रूफसच्या नावावर आले तेव्हा बँड जवळजवळ संपलेलाच होता.

दुसरे उदाहरण फिलाडेल्फियाच्या हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचे. पन्नासच्या दशकापासून चालत आलेल्या या गायकसमूहात टेडी पेंडरग्रास ड्रम वाजवायला आला आणि १९७० मध्ये मुख्य गायक झाला. १९७२ मध्ये ‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाउ’ गाजले. समूहाला नाव हॅरल्ड मेल्विनचे आणि आवाज टेडीचा, त्यामुळे रेडिओवर ऐकणाऱ्या कितीतरी लोकांना हा आवाज मेल्विनचाच वाटत असे. नाव आणि पैसा या दोन्हींवरून बिनसले, टेडी बाहेर पडला आणि एकट्याच्या बळावर मोठा झाला. ब्लू नोट्सना ते यश पुन्हा मिळाले नाही.

दोन्ही ठिकाणी गायक तरुण होता आणि बँड जुना होता. गायकापुढे मोठे आयुष्य होते, बाहेरच्या कंपन्या त्याला खुणावत होत्या आणि बँड हा त्याला ओलांडायचा टप्पा होता. शॅरनच्या बाबतीत वय उलटे होते. ती बँडमधली सर्वांत मोठी, जग पाहिलेली, नकार पचवलेली, आणि एकटीने बाहेर पडण्याचा मोह तिच्या वागण्यात कधी दिसला नाही. रॉक गायक लू रीडबरोबर ती दौऱ्यावर गायली, गायक मायकेल बुब्लेबरोबर २००९ मध्ये युगुलगीत गायली, डेन्झेल वॉशिंग्टनच्या २००७ सालच्या ‘द ग्रेट डिबेटर्स’ या चित्रपटामध्ये गायिकेच्या भूमिकेत दिसली, आणि दरवेळी परत आपल्याच बँडकडे आली. २००२ पासून अखेरपर्यंत एकाही अल्बमवर एकटीचे नाव नाही. माझ्या मते हे स्थैर्य उशिरा मिळालेल्या यशाचे फळ आहे. पंचविशीत तिला संधी मिळाली असती तर तिचाही कदाचित रूफससारखाच शेवट झाला असता.

अनवट

रानवारा यांचा वयाचा मुद्दा मला पटला. मालकीविषयीची माझी शंका कायम आहे, पण ‘धिस लँड’ पुन्हा ऐकले आणि मध्यलय यांनी जे लिहिले आहे ते ऐकू आले, हे येथे नोंदवतो.

हडसनकाठ

मी गेली अनेक वर्षे न्यूयॉर्कजवळ राहते आणि या बँडचा चढता काळ येथूनच पाहिला. दोन गोष्टींचा उल्लेख अजून झालेला नाही, म्हणून लिहीत आहे.

पहिली गोष्ट इंग्लिश गायिका एमी वाइनहाउसची. २००६ मध्ये आलेल्या ‘बॅक टू ब्लॅक’ या अल्बममधली अनेक गाणी निर्माता मार्क रॉन्सनने डॅप-किंग्जकडून वाजवून घेतली. ‘रिहॅब’मधला तो ताल आणि ती ब्रास वाद्ये याच मंडळींची आहेत. २००७ मध्ये एमीच्या अमेरिकेच्या दौऱ्यावरही तेच तिच्यामागे वाजवत होते. त्या अल्बमने एमीला पाच ग्रॅमी मिळवून दिले आणि जगभर कोट्यवधी लोकांनी डॅप-किंग्जना ऐकले, पण त्यांचे नाव न जाणता ऐकले. ब्रुकलिनमध्ये या संचाबरोबर दहा वर्षे घाम गाळलेली शॅरन पन्नाशी ओलांडलेली होती आणि २००७ मध्येच तिचा ‘१०० डेज, १०० नाइट्स’ हा अल्बम आला. एका विशीतल्या इंग्लिश मुलीला जे महिन्यांत मिळाले त्यासाठी शॅरनला आयुष्य खर्चावे लागले, ही तुलना त्या काळात सतत केली जाई. मला ती दोघींवरही अन्याय करणारी वाटते. एमीची गाणी एमीने लिहिली होती आणि ती तिच्याच जखमांची होती. मात्र एक हिशेब विसरता येत नाही: एमीकडे गेलेल्या त्या आवाजाची बांधणी शॅरनसोबत वर्षानुवर्षे वाजवताना झाली होती. उलट बाजूने पाहिले तर एमीमुळे या बँडकडे वळलेले श्रोते पुढे शॅरनच्या कार्यक्रमांना येऊ लागले.

दुसरी गोष्ट तिच्या आजाराची. २०१३ मध्ये, नवा अल्बम ऑगस्टमध्ये यायचा ठरलेला असताना, तिला कर्करोग असल्याचे निदान झाले आणि तो स्वादुपिंडाचा निघाला. मोठी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. ‘गिव्ह द पीपल व्हॉट दे वॉन्ट’ जानेवारी २०१४ पर्यंत पुढे ढकलावा लागला. बार्बरा कॉपल यांनी या काळावर केलेला ‘मिस शॅरन जोन्स!’ हा माहितीपट या धाग्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा आहे. बँड ही कल्पना त्यात रोजच्या व्यवहाराच्या पातळीवर दिसते. या बँडची कमाई मुख्यतः दौऱ्यांवर अवलंबून होती. गायिका आजारी पडली की दौरे थांबतात, आणि दौरे थांबले की घरांचे हप्ते आणि मुलांचे खर्च असलेल्या एवढ्या वादकांचे उत्पन्न थांबते. आपल्या शरीरावर इतक्या माणसांची घरे चालतात, हे ओझे तिच्या चेहऱ्यावर दिसते. आणि ते वादकही तिला घाई न करता, इतर कामे शोधत, तिच्यासाठी थांबलेले दिसतात. अधिकाराविषयी अनवट यांनी विचारले आहे. माझ्या मते त्याचा विचार या जबाबदारीसह करावा लागेल.

६ फेब्रुवारी २०१४ रोजी मॅनहॅटनच्या बीकन थिएटरमध्ये ती परतली. केस गेलेले होते आणि तिने टोप घालायला नकार दिला. ‘स्ट्रेंजर टू माय हॅपिनेस’च्या चित्रफितीतही ती तशीच दिसते. तुझे रूप चालणार नाही असे जिला एकेकाळी सांगितले गेले होते, तिने आपले उघडे डोके प्रकाशझोतात मिरवले. ‘गेट अप अँड गेट आउट’ हे गाणे आजाराच्या आधी ध्वनिमुद्रित झालेले, मनातून न जाणाऱ्या प्रियकराला उद्देशून लिहिलेले. या दौऱ्यात ती ते कर्करोगाला उद्देशून गाऊ लागली. लिहिणारा दुसरा असला तरी गाण्याचा अर्थ गायिका कसा आपल्या हाती घेते, याचे मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवात हा माहितीपट प्रथम दाखवला गेला तेव्हाच तिने आजार परतल्याचे जाहीर केले. तरीही २०१६ मध्ये उपचार घेत घेत ती गात राहिली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल पाहत असताना तिला पक्षाघाताचा झटका आला. रुग्णालयात तिचे बोलणे गेले होते, पण बँडमधले सोबती गिटार घेऊन जवळ बसले की ती त्यांच्याबरोबर सूर लावत होती, असे रॉथने नंतर सांगितले. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी ती गेली.

तबकडीवाला

हडसनकाठ, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. त्यात एक भर घालतो. डॅपटोन कंपनीतलाच गायक चार्ल्स ब्रॅडली पूर्वी स्वयंपाक्याचे काम करून रात्री जेम्स ब्राउनची नक्कल करणारे कार्यक्रम करत असे. २०११ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा त्याने साठी ओलांडली होती, आणि त्याच्यामागे वाजवणाऱ्या मेनाहन स्ट्रीट बँडचा सूत्रधार टॉमी ब्रेनेक हा डॅप-किंग्जचाच गिटारवादक. म्हणजे शॅरनचे यश हा एकट्या व्यक्तीला लाभलेला योग नव्हता. उतारवयातल्या गायकाला पक्का बँड, स्वतःचा स्टुडिओ आणि घाई नसलेली कंपनी दिली तर काय होते, हे त्या एका घरातून पुन्हा सिद्ध झाले. तोही सप्टेंबर २०१७ मध्ये कर्करोगानेच गेला.

नवश्रोता

चर्चा वाचून फार उत्सुकता वाटली. मी हिंदी-मराठी गाण्यांपलीकडे फारसे ऐकलेले नाही. सुरुवात कोठून करावी, हे कोणी सांगू शकेल का?

मध्यलय

नवश्रोता, स्वागत. प्रथम ‘१०० डेज, १०० नाइट्स’ हे शीर्षकगीत ऐका. माणसाचे मन ओळखायला शंभर दिवस आणि शंभर रात्री लागतात, एवढाच त्याचा आशय आहे. मध्यावर संपूर्ण बँड गाण्याचा वेग एकदम संथ करतो आणि ती जणू नव्याने गायला लागते, तेथे लक्ष द्या; तबकडीवाला यांनी लिहिलेले वादकांचे एकत्र श्वास घेणे त्या ठिकाणी स्पष्ट कळते. त्यानंतर ‘नॅचरली’ संपूर्ण ऐकावा. ‘आय लर्न्ड द हार्ड वे’ हा २०१० सालचा अल्बम अधिक तुळतुळीत आणि तंतुवाद्यांनी सजवलेला आहे. त्याचे शीर्षकगीत उत्तम आहे, पण एकूण अल्बम मला आधीच्या दोहोंइतका भिडला नाही. तिच्या मागे गाणाऱ्या दोघींचा ‘सॉन अँड स्टार’ या नावाने २०१५ मध्ये आलेला ‘लुक क्लोजर’ही सोडू नका.

अखेरचा ‘सोल ऑफ अ वुमन’ मात्र शेवटीच ऐका. तो तिच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. त्यातली बहुतेक गाणी तिने उपचारांच्या मधल्या बऱ्या दिवसांत गायली आणि तरीही आवाजात कुठे दया मागणारा सूर नाही. त्यातले शेवटचे ‘कॉल ऑन गॉड’ हे गाणे तिने स्वतः, सत्तरच्या दशकात, आपल्या चर्चमधल्या गायकवृंदासाठी लिहिले होते. अनवट यांच्या प्रश्नाचा विचार करताना हे गाणे जमेस धरावे अशी माझी त्यांनाही विनंती आहे, कारण डॅप-किंग्ज येथे तिच्या गाण्याला साथ देत आहेत आणि त्यांचे वाजवणे इतर कोठेही इतके संयत नाही.